आधी खजूर, मग चालणं

वाशीतल्या घरांत कच्चे एनर्जी बार होऊ लागले, याचं श्रेय एपीएमसीच्या मसाला मार्केटला द्यायला हवं. इतर गावचा माणूस कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाव किलो खजूर आणतो आणि दोन दिवसांत संपवतो. वाशीकराच्या हाकेवर घाऊक बाजार. मिरची-हळदीच्या पोत्यांमधून शिंकत सुकामेव्याच्या गाळ्यापर्यंत पोचलेल्या माणसाला तिथे पाव किलो मागायची लाज वाटते. तो खोकं उचलतो. वर बदाम, भोपळ्याच्या बिया आणि आलोच आहोत तर म्हणून अक्रोड. घरी बायको विचारते, “एवढं खाणार कोण?” त्यावर ऐन वेळी एकच उत्तर सुचतं, “उद्यापासून लांब चालायला जायचं म्हणतोय.”

बारची कृती ऐकायला बाळबोध आहे. दोन वाट्या बिनबियांचा खजूर, वाटीभर दाणे किंवा बदाम, चिमूटभर मीठ, वेलची. गॅस पेटवायचा नाही, पाक करायचा नाही. एकतारी की दोनतारी या प्रश्नाने ज्यांचं आयुष्य झाकोळलं, त्यांना हा मोक्षच. मऊ, काळा किमिया खजूर असला तर तोच सगळ्याला धरून ठेवतो. पिवळसर, टणक झाहिदी आणला असेल तर तो भिजवावा लागतो, आणि भिजवला की ओल शिरते, बार लवकर खराब होतात. वाशीच्या खाडीकाठच्या दमट हवेला तेवढं निमित्त पुरतं.

खरी परीक्षा मिक्सरची. बदाम आधी निमूट भरडले जातात. मग खजूर पडतो, त्याचा एकच गोळा होतो, पातं त्याच्या पोटात अडकतं आणि मिक्सर घुसमटून गप्प होतो. घरातला कर्ता पुरुष तो उलटा करून बुडाचं लाल बटण दाबतो. या पदार्थातलं पुरुषवर्गाचं योगदान बहुधा एवढंच. पुढचं तूप लावलेलं ताट, वाटीच्या बुडाने थापणं, तासभर फ्रीज हे वड्या थापणाऱ्या हातांना शिकवावं लागत नाही. फक्त कापताना शंकरपाळ्याचा आकार टाळून सरळ पट्ट्या पाडायच्या. त्यामुळे कडेचे तिरपे तुकडे उरत नाहीत, आणि स्वयंपाकघरात घुटमळणाऱ्या मुलांचा परंपरागत हक्क बुडतो.

अमेरिकेत याच खजूर-सुकामेव्याच्या मिश्रणावर कोलोरॅडोच्या लारा मेरिकन यांनी 2003 मध्ये ‘लाराबार’ बाजारात आणला. कल्पना त्यांना डोंगरात भटकताना सुचली होती. त्यांना कल्पना नसेल, पण खजूर आणि काजू एवढंच असलेला त्यांचा बार आपल्या एकादशीला चालतो. ओट घातले की मात्र उपास मोडला. आपल्याकडे आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारे वारकरी राजगिऱ्याचा लाडू आणि दाण्याची चिक्की खात आले आहेत, तेही पट्टीने न मोजता.

आता हिशोब. चाळीस ग्रॅमच्या बारमध्ये साधारण 160 कॅलरी असतात. पासष्ट किलोचा माणूस किलोमीटरभर चालला तर पन्नासेक कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक बार फेडायला तीन किलोमीटर. सेक्टर 10 ए मधल्या मिनी सी-शोअरवर दोन फेऱ्या मारून बाकावर बसलेला आणि दुसऱ्या बारचा कागद सोडणारा माणूस कर्जात असतो. खरं तर तासाभराच्या चालीला शरीरात साठलेलं ग्लायकोजेन सहज पुरतं, वाटेत काही खायची गरज नसते. पण हे त्या बाकावर सांगू नये.

म्हणून जिद्दीचे लोक पाम बीच मार्ग धरतात. वाशी ते बेलापूर, दहाएक किलोमीटर. तिथे बारला काही अर्थ येतो. पहिला सानपाड्यालाच संपतो, खिशात मऊ पडत चालला होता हे कारण असतं. दुसरा नेरूळला. हिवाळा-उन्हाळ्यात टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत फ्लेमिंगो दिसतात, दिवसभर डोकं खाली घालून कच्चंच खाताना. एकाच्याही पायावर त्याचा परिणाम दिसत नाही. बेलापूरला पोचल्यावर परतीची पायपीट कोणी करत नाही. सीवूड्स, नेरूळ, जुईनगर, सानपाडा करत लोकल वाशीला आणून सोडते, आणि हिशोबातले निम्मे किलोमीटर रेल्वेच्या खात्यावर जमा होतात.

जूनमध्ये पाऊस लागतो, चालणं थांबतं. खोक्यात अजून तळाला खजूर असतो. मग बायको चिंच भिजत घालते, गूळ काढते, गॅस पेटवते. कच्च्या खाण्याचे सगळे फायदे मोजून सांगणारा गृहस्थ शेजारी उभा राहून कांदा बारीक चिरत असतो, कारण भेळ ओल्या चटणीची आहे आणि कुरमुरे त्याने परवाच मार्केटमधून आणलेत, अर्थात पोतंभर.