ऐंशीचा पाढा

अमेरिकेला निघालेल्या मराठी माणसाला जे सल्ले मिळतात, त्यांतला सर्वांत घातक असा : "तिकडे गेल्यावर डॉलरचे रुपये करत बसू नकोस, वेड लागेल." हे सांगणाऱ्याने तिथे पंधरा वर्षं काढलेली असतात आणि त्यांतली पहिली तीन गुणाकारातच घालवलेली असतात. प्रस्तुत मार्गदर्शिकेचं म्हणणं उलट आहे. गुणावं, मनसोक्त गुणावं. परदेशात रुळायला जे शिकावं लागतं, ते मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा उच्चार सुधारण्याच्या क्लासात हाती लागत नाही. ते ऐंशीच्या पाढ्यातून येतं. (डॉलरचा भाव ऐंशीच्या पुढे गेला आहे, हे मान्य. पण कोथिंबिरीच्या जुडीपुढे उभं राहून दशांश चिन्ह कोण सांभाळणार?)

ही विद्या आजची नव्हे. १९४६च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला अवघ्या शंभर जागा दिल्या होत्या. १९६५च्या कायद्याने ती पद्धत मोडली आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर निघाले. डॉलर तेव्हा ४ रुपये ७६ पैशांना होता. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तो थेट साडेसातवर गेला. देशाच्या पत्रिकेत ही साडेसाती असेलही, पण जाणारे बिचकले नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून वाढलेल्या पिढीला साडेसातने गुणणं म्हणजे हातचा मळ. आजच्या मुलांचा पाढा पूर्णांकी आहे, फक्त दहापटीने जड.

आता प्रत्यक्ष कृती. स्वयंपाकघराचा नळ ठिबकू लागला की प्लंबरला फोन करावा आणि तो दीडशे डॉलर म्हणाला की शांतपणे गुणावं. बारा हजार रुपये. इथवर आलेला माणूस दुसरा फोन करत नाही. तो हार्डवेअरच्या दुकानात जातो, काही डॉलरचा वॉशर आणि एक पाना घेतो आणि सिंकखालच्या कपाटात पाठीवर झोपून, मोबाइलवर कुणा अनोळखी इसमाचा व्हिडिओ बघत, पहिल्या खेपेला आट्या उलट्या फिरवतो. दुसऱ्या खेपेला नळ थांबतो. घरी असताना ज्याला पाण्याचा मेन कॉक कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, तो त्या संध्याकाळी चार जणांना वॉशरचे प्रकार समजावतो. केस कापायचे पंचवीस डॉलर, म्हणजे दोन हजार, म्हणून घरात मशीन येतं आणि नवराबायको एकमेकांच्या मानेवर उपकार करू लागतात. भांडी घासायला बाई ठेवण्याचा गुणाकार तर पूर्णही करवत नाही. श्रमप्रतिष्ठेवर आपल्याकडे इतकी व्याख्यानं झाली, पण ताट उचलून स्वतः विसळण्याची सवय मध्यमवर्गीय पुरुषाला लावली ती या पाढ्याने. परदेशाचा हाच खरा लाभ. गाडी आणि अंगण त्यानंतर.

यावर पहिला आक्षेप : हा कंजूषपणा झाला. नाही. कंजूष माणूस खर्च टाळतो, गुणणारा त्या कामाची किंमत ओळखतो. दोघांच्या खिशावर परिणाम सारखाच होतो, एवढ्यावरून गोंधळ करू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : एकटेपण, भाषा, थंडी यांना कशाने गुणायचं? खरं आहे, पण तिथेही मन हाच व्यायाम करत असतं. फॅरनहाइटमधून तीस वजा करून निम्मं करावं, म्हणजे स्वेटर की कोट ते ढोबळमानाने कळतं. आईला फोन करायचा तर न्यू जर्सीतून उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवावेत, हिवाळ्यात साडेदहा. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं एक तास सरकतात, हे आईला दर वर्षी नव्याने समजावावं. "तुझ्याकडे आत्ता किती वाजले?" हा तिचा प्रश्न वेळेविषयी नसतो, तेव्हा उत्तर सावकाश द्यावं.

एका ठिकाणी मात्र पाढा हात टेकतो. नोकरीवरच्या ग्रीनकार्डात एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे वर्षाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. देश आइसलँडएवढा असो की भारताएवढा. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. दर महिन्याला सरकारी व्हिसा बुलेटिन निघतं, ते राशिभविष्यासारखं वाचलं जातं आणि कधीकधी तारीख चक्क मागे जाते, ग्रह वक्री व्हावा तशी. दरम्यान घरातलं मूल एकविशीला पोचलं तर आईबापांच्या अर्जातून गळू शकतं. या वाटेवर विनोद फार चालत नाही. इथे फक्त कागद नीट लावून ठेवावेत.

मायदेशचे नातेवाईकही गुणतात, पण अर्धवट. काका पगाराला ऐंशीने गुणतात, घरभाड्याला आणि पाळणाघराच्या फीला गुणत नाहीत, आणि मग पुतण्या उद्योगपती ठरतो. यावर वाद घालू नये. तोच चुकार हिशेब आपण उलट्या बाजूने करत असतो, खर्च गुणून आणि पगार तसाच ठेवून. दोन्ही बाजू गुणल्या की पाढा कापला जातो आणि माणूस डॉलरमध्ये विचार करू लागतो. हे कधी घडतं ते कळत नाही. कोथिंबीर नुसती कोथिंबीर म्हणून टोपलीत पडते आणि तीन गल्ल्या पुढे गेल्यावर लक्षात येतं, की आज गुणायचं राहिलं.

पुढची सुट्टी पुण्यात, आणि तिथे उलटी क्रिया सुरू होते. मंडईत भाजीवाल्या मावशी पेंडीचे वीस रुपये सांगतात, शेजारी मोठ्या वहिनी पंधराला मागत असतात आणि पाहुण्याचं मन पाव डॉलरवर पोचलेलं असतं. अशा वेळी भागाकार मनातल्या मनात करावा. ओठ हलू देऊ नयेत. "एवढंच?" हा शब्द तर वहिनींचा सौदा पटेपर्यंत तोंडातून मुळीच काढू नये.