भाषाभिमानी

हिंजवडीतल्या कुठल्याही टपरीवर चारच्या चहाला जा, हा भेटतोच. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात कटिंग आणि समोर नुकताच चिकटलेला एखादा फ्रेशर. त्याने बिचाऱ्याने एवढंच म्हटलेलं असतं, "सर, मी पायथॉन शिकतोय."

"पायथॉन? बरं. प्रोग्रॅमिंग कधी शिकणार?"

याचं दैवत रस्ट. स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत ही भाषा २०१६ पासून लाडकी ठरत आली आहे, हे तो पाढ्यासारखं म्हणून दाखवतो. त्याच पाहणीत सर्वाधिक वापराचा मान वर्षानुवर्षं जावास्क्रिप्टकडे जातो, ते घर मात्र गाळतो. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत बनवला, हे कुणी सांगितलं की म्हणतो, "दिसतंच ते."

टियोबी या डच कंपनीची मासिक क्रमवारी त्याला कधी वेदवाक्य, कधी थोतांड. रस्ट वर सरकली की जग सुधारतंय. २०२१ च्या ऑक्टोबरात पायथॉन पहिली आली, तेव्हा मात्र "ते नुसते सर्च इंजिनांतले उल्लेख मोजतात रे!" मोजतात खरेच, पण हा शोध त्याला सोयीनेच लागतो.

पंचाईत अशी, की माणूस मुद्द्याचं बोलतो. सी आणि सी प्लस प्लसमध्ये मेमरी सांभाळण्याचं काम प्रोग्रॅमरवर असतं आणि तिथेच घात होतो. आपल्या उत्पादनांतल्या सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी याच जातीच्या असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं. रस्टचा कंपायलर असल्या बहुतेक चुका आधीच अडवतो. २०२२ च्या डिसेंबरात लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला प्रवेश मिळाला, तेव्हा याने टीमला पेढे वाटले. कर्नलच्या कोट्यवधी ओळी तेव्हाही सीमध्येच होत्या.

त्याला गप्प करू शकतात ते एकच, बँकेच्या प्रोजेक्टवरचे कोबोलवाले काका. त्यांची भाषा १९५९ सालची. २०२० च्या एप्रिलात बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना मदतीची हाक दिली होती. काका वाद घालत नाहीत. सगळ्यांच्या चहाचे पैसे देतात आणि निघतात.

हा मग जागेवर परततो आणि जावा ८ मधला, कुणीतरी केव्हातरी लिहून सोडून गेलेला कोड दुरुस्त करत बसतो. ऑफिसच्या कामात रस्टची एकही ओळ लिहायची संधी त्याला अजून मिळालेली नाही. तेव्हा त्याच्यासमोर पीएचपीचं नाव चुकूनही काढू नका. सहाची बस चुकेल.