आगीवरचा फ्रीज

योसेमिटी, शनिवार रात्र

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस शि. सा. न.

पत्रास कारण, फ्रीज. गुरुवारी फोनवर आईने विचारलं, "शनिवारी निघायचंय ना, मग आत्तापासून कसली धावपळ?" मी म्हटलं, "फ्रीज लावतोय." त्यावर पलीकडे सांगलीत जी शांतता पसरली, तिचा खुलासा करायचा राहून गेला.

आमची आरव्ही, म्हणजे चाकांवरची वन रूम किचन. तिच्यातल्या फ्रीजला कॉम्प्रेसरच नाही. मागच्या बाजूला गॅसची एवढीशी ज्योत जळते, घरी असलो तर तिच्याऐवजी विजेची कॉइल तापते. त्या उष्णतेने पाण्यात मुरलेला अमोनिया उकळून वर जातो, तिथे निवून पातळ होतो, आणि खाली येताना पुन्हा त्याची वाफ होते तेव्हा फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो. थोडक्यात, चूल पेटवायची आणि बर्फ काढायचा! बाबा, ही करामत १९२२ साली स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी केली, फोन प्लाटेन आणि मुंटर्स. कॉलेजात शिकता शिकता. हे मी चिरंजीवांना मुद्दाम मोठ्याने ऐकवलं. त्यांनी हेडफोन लावले.

आवाज नाही, पण घाईही नाही. आतून नीट गार व्हायला रात्र जाते, उन्हाळ्यात आख्खा दिवससुद्धा. गेल्या वर्षी आम्ही निघायच्या दिवशी सकाळी तो सुरू केला आणि लगेच कोमट वरणासकट सगळं आत कोंबलं. संध्याकाळी श्रीखंडाचं पियूष झालेलं, दूध फाटलेलं. "गरम भांडं फ्रीजमध्ये घालू नये" हे आई तीस वर्षं सांगतेय, पण ते पटायला मला कॅलिफोर्नियात दोन गॅलन दूध ओतावं लागलं.

म्हणून यंदा गुरुवारी संध्याकाळीच शुभारंभ. पण त्याआधी गाडी लेव्हलमध्ये हवी. पातळ झालेला अमोनिया उतारानेच खाली येतो ना, गाडी तिरकी उभी असली की तो भलतीकडेच साचतो, मागची नळी तापत राहते आणि फ्रीज कायमचा जातो. रस्त्यावर गाडी हलत असते म्हणून चालतं, उभ्या गाडीत नाही. आणि फ्रीमाँटमधलं आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं! बाबा, तुम्ही निवृत्त होताना दिलेली ती पितळी पाणसळ आठवते? ती फ्रीजच्या तळावर ठेवली. जावई चाकाखाली फळ्या सारतायत आणि धाकटी आतून ओरडतेय, "बुडबुडा अजून खिडकीकडे!" पाऊण तासाने बुडबुडा मध्ये आला. तुम्ही असता तर तेवढ्यात भिंत उभी राहिली असती.

मग रात्रभर पहारा. आत थर्मामीटर ठेवलेलं, ते बघायला चिरंजीव दर तासाला दार उघडणार, की पारा पुन्हा वर. शेवटी दाराला चिकटपट्टी लावली. तरी रात्री दोन वाजता जावई टॉर्च घेऊन बाहेर, गाडीच्या मागच्या जाळीला हात लावून उभे. तिथून गरम हवा आली म्हणजे आत काम चालू आहे. समोरच्या आजींच्या घरातला दिवा लागला. मध्यरात्री गाडी कुरवाळणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं काय मत झालं असेल, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी धाकटीने जाहीर केलं, "अडतीस!" आई, घाबरू नकोस. हे सांगलीच्या मे महिन्यातले अडतीस नव्हेत, फॅरनहाइटचे आहेत. चाळीसच्या खाली असलं की दूध टिकतं.

तोवर श्रीखंड, मटकीची उसळ, ताक, सगळं घरच्या फ्रीजमध्ये गार करत ठेवलं होतं. आज पहाटे ते आरव्हीत हलवलं, डब्यांमध्ये बोटभर फट ठेवून. हवा खेळायला हवी म्हणे. आई, तुझा फ्रीज म्हणजे दिवाळीतली एसटी, तिथे मुंगी शिरणार नाही. इथे तसं भरलं की मागचे डबे गोठतात आणि पुढचे नासतात. खालच्या कप्प्यात रात्रीच गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. गाडी चालू असताना आम्ही गॅस बंद ठेवतो, तेव्हा चार तास हा साठवलेला गारवाच कामाला येतो.

घाटातल्या वळणांवर आत काहीतरी गडगडलं. पोचल्यावर दार उघडलं तर लोणच्याची बरणी आडवी, बाकी सगळं जागच्या जागी आणि थर्मामीटर एकेचाळीसवर. इथल्या कॅम्पात गाडीला वीज मिळत नाही. म्हणून पुन्हा फळ्या, पुन्हा बुडबुडा, आणि मग गॅसची ज्योत. बाजूला अस्वलांपासून खाणं वाचवायला लोखंडी पेटी आहे. धाकटीला वाटतं, अस्वलाला श्रीखंडाची बातमी लागलेली आहे.

जेवून घेतो आता. बाबा, गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
सोनी

ता. क. – ताकच घरच्या फ्रीजमध्ये राहिलं.