पिंपातले चिकन : शोध, मात्रा आणि वाटपाचे नियम

ज्यांचे बालपण व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये गेले आणि उरलेले आयुष्य विरार लोकलमध्ये चालले आहे, अशा वसई-विरारकरांसाठी ही मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. दोन्हीकडे अडचण एकच : मार खाऊन खाऊन लाइफ संपत आली, ती भरायची कशी? डॉक्टरांना विचारले तर ते सात तास झोप, पालेभाजी आणि सकाळचे चालणे सांगतात. चर्चगेटपासून साठ किलोमीटर उभ्याने आलेल्या माणसाला ही थट्टा वाटते. आमच्या पिढीने याहून जलद उपाय पाहिला आहे. लोखंडी पिंपाला लाथ घालावी. पिंप फुटते, आतून भाजलेले मांस निघते. ते खावे. बरगड्यांसकट सगळे दुरुस्त.

१. पूर्वपीठिका

नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या पार्लरमध्ये राज्य होते मुस्तफाचे. गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, मूळ कथा मार्क शुल्ट्झच्या कॉमिकमधली आणि तिचा नायक जॅक. यातले आम्हाला काहीही ठाऊक नव्हते, आणि असते तरी फरक पडला नसता. पिवळी टोपी घालून धावत जाऊन लाथ मारतो तो मुस्तफा, म्हणून गेम मुस्तफाचा.

शेजारच्या मशिनवर १९८९ चा ‘फायनल फाइट’. त्यात हॅगर नावाचा महापौर. पळवून नेलेल्या मुलीला सोडवायला तो उघड्या अंगाने स्वतः रस्त्यावर उतरतो, गुंडांना उचलून आपटतो आणि थकला की गल्लीतल्या पिंपातले खातो. वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली २००९ मध्ये. म्हणजे महापौर कसा असावा, हे आमच्या मनात कितीतरी वर्षे आधीच पक्के झाले होते. वाचकांनी मात्र प्रत्यक्षातल्या कोणत्याही महापौराची हॅगरशी तुलना करू नये. त्यांना शर्ट घालावा लागतो.

२. शोध कोठे घ्यावा

पिंपे, खोकी, टेलिफोनचे बूथ, रस्त्यावरचे टायर. जे फुटेल ते फोडावे. अन्न कोणी शिजवले, कधी शिजवले, झाकले का नव्हते, असे प्रश्न विचारू नयेत. आमच्या आईने ते एकदा पार्लरच्या दारात उभे राहून विचारले होते. त्या दिवशी आमचा गेम अर्ध्यावर राहिला.

१९८६ चा ‘कॅसलव्हेनिया’ याच्याही पुढे जातो. त्यात ड्रॅक्युलाच्या किल्ल्याच्या भिंतीवर चाबूक मारला की वीट निखळते आणि आत शिजवलेले मांस तयार. येथे वसईकरांना विशेष सूचना द्यावी लागते, कारण आपल्याकडे किल्ला आहे आणि त्याला भिंतीही पुष्कळ आहेत. वसईचा किल्ला हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. तेथे हा प्रयोग करू नये. शिवाय तो एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून सेबस्तियन बुरुजाला खिंडार पाडले. आत पोर्तुगीज निघाले. चिकन निघाले नाही.

‘गोल्डन अ‍ॅक्स’ (१९८९) मध्ये रात्री मुक्कामाला थांबले की पाठीवर पोते घेतलेले बुटके चोर येतात. त्यांना लाथा घातल्या की निळ्याकडून जादूच्या कुप्या पडतात, हिरव्याकडून मांस. ही पद्धत नालासोपाऱ्याच्या पुलावर वापरू नये. तेथे पाठीवर पिशवी घेतलेला प्रत्येक माणूस सभ्य असतो आणि पिशवीत त्याचा स्वतःचा डबा असतो.

३. मात्रा

कोणत्या पदार्थाने किती लाइफ भरते, हे जुन्या गेमांनी शास्त्रशुद्ध ठरवून दिले आहे. ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ (१९९२) प्रमाणे कुत्र्याचे खाणे ४ टक्के, ताटभर जेवण १० टक्के, प्रथमोपचाराची पेटी २५ टक्के. ‘डूम’ (१९९३) मध्ये छोटी पेटी १०, मोठी २५. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज २’ मध्ये सफरचंदाने थोडी, अख्ख्या चिकनने पूर्ण.

ताटभर जेवणाला फक्त १० टक्के देणारा माणूस रविवारी दुपारी वसईतल्या कोणाच्या घरी जेवलेला नसणार, हे उघड आहे. म्हणून स्थानिक दुरुस्ती आवश्यक वाटते :

वडापाव, स्टेशनबाहेरचा, गरम : १० टक्के. गार झालेला : ४, म्हणजे वुल्फेन्स्टाइनच्या पहिल्या पायरीएवढा.

लिंबू सरबत : ५, पण लगेच लागू.

फुगे आणि बाटलीतल्या मसाल्याचे मटण, लग्नघरी : १००. अधिक झोप.

सुकेळी : २५. पिकलेली राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची, ती सोनेरी आणि चिवट झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. पेटी बांधीव, टिकाऊ, खिशात मावणारी, बॅटरीशिवाय चालणारी. जगातल्या कोणत्याही गेम कंपनीला इतके नेटके मेडकिट सुचलेले नाही. आगाशी-वसईच्या बायका ते पूर्वापार करत आल्या आहेत.

४. विषपरीक्षा

समोर आली म्हणून प्रत्येक बाटली तोंडाला लावू नये. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) हा गेम आमच्यापर्यंत कॉम्प्युटर क्लासमधून पोचला. सर डॉस शिकवत, आम्ही राजपुत्राला खिळ्यांवर पाडत असू. सुरुवातीला तीन त्रिकोण, म्हणजे तीन लाइफ. लाल बुडबुड्यांची छोटी बाटली एक त्रिकोण भरून देई, मोठी बाटली एक त्रिकोण कायमचा वाढवी, आणि निळ्या बुडबुड्यांची बाटली असलेला एक काढून घेई. त्या क्लासमधून डॉसच्या आज्ञा आम्ही केव्हाच विसरलो. निळे पेय पिऊ नये, एवढे शिक्षण टिकले. आजही हातगाडीवर निळे सरबत दिसले की हात आपोआप मागे येतो.

‘गॉन्टलेट’ (१९८५) हा सर्वांत वास्तववादी म्हणावा लागेल. त्यात कोणी मारले नाही तरी लाइफ क्षणाक्षणाला आपली आपण घटते, आणि कॉइन टाकला की वाढते. लोकलचा पास काढणाऱ्याला हे वेगळे समजावायला नको. त्यात आणखी एक मेख आहे : घाईघाईत गोळी झाडली तर समोरचे अन्नच नष्ट होते. धावत्या गाडीत डबा उघडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भाईंदरच्या खाडीपुलावर सांडलेली आमटी परत मिळत नाही.

५. बॉसची चाहूल

न लढता, न मागता, एकाच ठिकाणी भरपूर औषध ठेवलेले दिसले तर आनंदून जाऊ नये. गेम बनवणारा दयाळू झालेला नसतो. पुढच्या दारामागे बॉस आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जीवदानीच्या पायऱ्या चढताना हे तत्त्व सोदाहरण कळते. पायऱ्या तेराशेच्या वर आहेत. ताक, काकडी, सरबत विकणारे कोठे बसले आहेत ते पाहावे. जेथे आपला दम तुटतो, बरोबर तेथेच. घरातही हाच नियम लागू आहे. कामावरून आल्या आल्या कांदाभजी, मागून आल्याचा चहा आणि त्यावर पंखा मोठा केलेला असेल, तर खाता खाता मनाची तयारी करावी. शाळेची फी, माहेरचे लग्न किंवा सोसायटीची सभा, तिघांपैकी एक बॉस स्वयंपाकघरात उभा आहे.

६. आधुनिक उपचारपद्धती

अलीकडच्या मुलांना पिंप फोडणे माहीत नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी २’ (२००५) ने मेडकिट काढूनच टाकले. गोळ्या लागल्या की भिंतीआड बसायचे, चार-पाच श्वास घ्यायचे, आपोआप बरे. ही पद्धत आम्ही लोकलमध्ये करून पाहिली. दाराच्या आडोशाला, पाठ टेकून, डोळे मिटून, दादरपासून विरारपर्यंत. लाइफ भरली नाही. मीरा रोडला कोणाची तरी बॅग डोक्यावर आली.

७. चीट कोड

‘जीटीए व्हाइस सिटी’ (२००२) च्या काळात सायबर कॅफेत तासावर कॉम्प्युटर मिळे. गेममध्ये लाल हृदये ठेवलेली असत, पिझ्झा खाल्ला तरी लाइफ भरे. पण एवढे चालायला वेळ कोणाला? भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर कोड लिहिलेले असत, त्यात पहिला ‘अ‍ॅस्पिरिन’. स्पेलिंगच्या शेवटी एक जादा ‘ई’. तो विसरला की काही होत नसे. डोके दुखल्यावर औषधाच्या दुकानात मात्र ‘ई’शिवायची गोळी मागावी, आणि तीही डॉक्टरांना विचारून.

८. वाटप (हे कलम पाठ करावे)

येथवर सांगितले ते कोणालाही जमते. खरी परीक्षा असते ती दोघे खेळत असताना आणि चिकन एकच असताना.

विरार पूर्वेला स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका गाळ्यात तीन मशिन होती. शटर अर्धे खाली, आत घामाचा आणि तापलेल्या वायरींचा वास. रुपयाला एक कॉइन. माझा मावसभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून ‘फायनल फाइट’मधला हॅगर त्याचा. त्यातलाच कोडी माझा. पिंप फुटले, चिकन पडले. वर माझी लाइफची दांडी बोटभरसुद्धा उरली नव्हती, त्याची जवळजवळ काठोकाठ.

‘‘दादा, मला खाऊ दे ना, माझी संपलीय!’’

‘‘थांब रे, पुढे अजून एक येतं.’’

आणि त्याने खाल्ले. त्याची दांडी नखभर भरली, बाकीचे मांस वाया गेले. दोन गुंडांनंतर मी मेलो. खिशात एक कॉइन होता तरी मी तो काढला नाही. पुढे बॉसने त्याला एकट्याला कोपऱ्यात घेतले. चिकन काही आले नाही. स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू झाली तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिले. ‘‘कॉइन आहे का रे?’’

मी नाही म्हणालो. ते खोटे होते आणि अजून पचलेले नाही.

आता ‘डूम’मधली एक बारीक गोष्ट. लाइफ २५ च्या खाली असताना कोणी मोठी पेटी उचलली, तर त्याला याची खरोखरच गरज होती, अशा अर्थाचा एक खास संदेश बनवणाऱ्यांनी लिहून ठेवला होता. पण प्रोग्राम आधी पेटीतले २५ अंगात भरतो आणि मग लाइफ २५ च्या खाली आहे का ते तपासतो. भरल्यानंतर ती खाली असणारच कशी? त्यामुळे मूळ गेममध्ये तो संदेश कोणाला कधी दिसलाच नाही. गरज ओळखण्याची सोय होती, पण ती वाटपानंतर ठेवली होती.

मावसभावाच्या हातूनही हीच चूक झाली, आणि कॉइन लपवताना माझ्या हातूनही. विरार लोकलमधल्या जुन्या ग्रुपांच्या हातून ती होत नाही. तेथे बसलेला माणूस ठरल्या स्टेशनला कोणी न सांगता उठतो आणि उभा असलेला बसतो. त्यासाठी स्क्रीनवर दांडी दिसावी लागत नाही, चेहरा दिसतो.

म्हणून शेवटचा नियम : दोघे असाल तर आधी वर पाहावे, मग खाली वाकावे. ज्याची दांडी लहान, चिकन त्याचे. मोठ्या भावांनी याची विशेष नोंद घ्यावी.