सागवानाची चटणी

भंगारातून सोडवलेल्या मोटरीपासून छोट्या कोरीवकामाच्या यंत्राचे स्पिंडल तयार करणे हा एक गृहोद्योग आहे. त्यात उद्योग कमी आणि गृहकलह जास्त असतो. कटर धरून फिरणारा दांडा म्हणजे स्पिंडल. तो विकतही मिळतो, पण हौशी माणसासमोर हा मुद्दा काढू नये.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या ठिकाणी मोटरींची वाण नसते. भोवती धानाचा मुलूख, त्यामुळे राइस मिलमधून उतरवलेली मोटर भंगारवाल्याकडे बघून हौशी माणसाचे मन पहिल्यांदा तिच्यावर जाते. तिला थ्री-फेज ४१५ व्होल्ट लागतात, घरात सिंगल-फेज २३० असतात आणि ती उचलायला दोन माणसे लागतात. मन आपोआप परत येते.

दुसरा उमेदवार कूलर. मृगाचा पाऊस पडला की त्याची रवानगी अडगळीत होते आणि होळीपर्यंत त्याची कोणी चौकशी करत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष तांत्रिक आहे. चार पोलांच्या मोटरीला ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला १५०० फेऱ्यांची मर्यादा पडते, आणि प्रत्यक्षात ती १४०० च्या आसपास फिरते. तीन मिलिमीटरच्या कटरची धार या गतीने मिनिटाला जेमतेम तेरा मीटर जाते. लाकूड स्वच्छ कापायला शेकडो मीटर हवेत. तेरा मीटरवर ते कुरतडले जाते, आणि त्या कामासाठी घरात उंदीर असतातच.

म्हणून नजर स्वयंपाकघराकडे वळते. भारतीय मिक्सरची मोटर दणकट असण्यामागे इतिहास आहे. परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेनात, म्हणून सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६३ च्या सुमारास मुंबईत ‘सुमीत’ मिक्सर उभा केला. खोबरे आणि डाळ यांच्यासाठी घडलेली ही जात मोकळी फिरताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्या घेते. तोच कटर आता मिनिटाला १७० मीटर धावतो. मिक्सर मोडीत निघालेला असावा, ही अट शास्त्रीय नसली तरी पाळावी. तो मोडीत निघाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार हौशी माणसाला नसतो.

या मोटरीच्या खोडी मात्र ओळखून असाव्यात. ती काही मिनिटांच्या कामासाठी बनलेली असते, तासभर कोरायला लावले की वार्निशचा वास येतो. रेग्युलेटर लावून गती कमी केली तर तिच्याच दांड्यावरचा पंखाही मंदावतो, म्हणजे गारवा हवा तेव्हाच तो मिळत नाही. बाहेरून वेगळा पंखा लावावा. कूलर तिथे कामी येतो. शिवाय कटरचे दात एकाच दिशेने कापतात. मोटर उलटी फिरत असेल तर लाकूड कापण्याऐवजी जळते. अशा वेळी प्लगच्या वायरी बदलून काहीही होत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह एकदम उलटतो आणि मोटर त्याच दिशेने फिरत राहते. दोहोंपैकी एकाच्याच जोडण्या उलटायच्या असतात. हे वाइंडिंगवाला एका वाक्यात सांगतो, पण त्याला विचारण्यात कमीपणा वाटून बऱ्याच सुट्ट्या जातात.

इतके झाल्यावर कळते की मोटर हा या प्रकरणातला सोपा भाग होता. मिक्सरचा दांडा सहसा बुशमध्ये फिरतो. भांड्याचे वजन तो सोसतो, कटरला बाजूने बसणारा रेटा सोसत नाही. दांडा ‘आउट’ फिरू लागला की तीनची खाच साडेतीनची होते. उपाय एकच: मोटर बाजूला बसवून पट्ट्याने वेगळा दांडा फिरवायचा. हा दांडा ६२०२ च्या दोन बेअरिंगांत बसतो. हे बेअरिंग आत १५, बाहेर ३५ आणि रुंदीला ११ मिलिमीटर असते, आणि कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगताच मिळते. त्यांचे घर मात्र लेथवरच, एका बांधणीत बोअर करून घ्यावे. हातड्रिलने पाडलेली दोन भोके एका रेषेत आल्याचे अजून कोणी पाहिलेले नाही. टोकाला ड्रिलचा चक लावू नये. तो उभा दाब सहन करतो, पण आडव्या रेट्याने टेपरवरून सुटतो आणि फिरतच खोली सोडतो. तिथे कॉलेट हवे. स्विस रेगो-फिक्स कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या ईआर जातीचे ११ नंबरचे कॉलेट सात मिलिमीटरपर्यंतचा कटर धरते.

बॉडीला अर्थिंग द्यावे, डोळ्यांवर चष्मा असावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा यंत्राजवळ जाण्याआधी काढून ठेवावा. स्पिंडलला कापड आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

अशा स्पिंडलवर सागाच्या पाट्या आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची कोरीव झूल चांगली निघते. अॅल्युमिनियम थोडे थोडे घेत, जपून कापावे. लोखंडाच्या वाटेला जाऊ नये, आणि नवा मिक्सर आधी घरात आणावा.