अहवालाचं मॉइश्चर किती?

हंगाम सरला की अकोला-अमरावतीच्या कापूस खरेदी केंद्रांवरच्या ग्रेडरांना मुंबईला पाठवावे, अशी माझी सरकारला नम्र सूचना आहे. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हा माणूस गाडीतल्या कापसात मीटरची दांडी खुपसतो. ओलावा ८ टक्के असला तर पूर्ण हमीभाव, पुढच्या टक्क्याटक्क्याला भाव कमी, आणि १२ ओलांडले की गाडी माघारी. 'साहेब, रातच्यानं दव पडलं' म्हटल्याने आकडा हलत नाही. कंपन्यांच्या सामाजिक कार्याच्या अहवालांत ही दांडी एकदा खुपसून पाहायला हवी. गुळगुळीत कागदात पाणी मुरत नाही म्हणतात. आमच्या बाजारातला कोणताही हमाल गठ्ठा उचलूनच सांगेल, मुरते की नाही.

कायदा तसा चोख आहे. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतला एक टप्पा गाठला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर. आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही त्यात लिहिले आहे. कंपन्यांची सरकी इथली, तूर इथली. पण आसपास कुठे सुरू होते ते कंपनीच ठरवते.

तरी कधीमधी आमच्याकडेही समाजकार्य उतरते, विशेषतः खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पट्टा. विहीर खोदा की बोअर मारा, पाणी खारेच. तिथे आरओचे यंत्र बसवणे ही खरोखर पुण्याची गोष्ट, मी त्याची टिंगल करणार नाही. टिंगल करायची ती पुढच्या हिशेबाची.

समजा गावाची लोकसंख्या २,०००. अहवालात लाभार्थी किती? २,०००. त्यात चाकणला कारखान्यात लागलेली पोरे आली, सुरतेला गेलेली कुटुंबे आली आणि जनगणनेनंतर जे देवाघरी गेले तेही आले. त्यांना तर शुद्ध पाण्याची गरजच सर्वांत कमी. यंत्राने किती लिटर पाणी गाळले ते छापतात. गाळताना मूळ पाण्याहून जास्त खारे जे पाणी नालीत सोडले, त्याचे लिटर छापत नाहीत. नाली मतदान करत नाही अन् फोटोतही चांगली दिसत नाही.

मग येतो सल्लागार, सामाजिक परतावा काढायला. एका बाईचा पाणी आणायचा एक तास वाचला. तासाला किमान वेतनाने गुणा, गावातल्या बायांनी गुणा, वर्षाच्या दिवसांनी गुणा: एका रुपयामागे चार रुपये सत्तर पैसे! गृहीत असे, की वाचलेला तास बाई रोजीला जाते. आमच्याकडे वेचणीची मजुरी किलोवर ठरते, तासावर नाही, आणि मे महिन्यात वेचायला शेतात ढेकळेच असतात. तिने तो तास पारावर बसून गप्पांत घालवला, तर परतावा बुडालाच म्हणायचा.

कामाचा परिणाम तपासायची सोयही नियमांत आहे. २०२१ पासून ज्या कंपनीवर या खर्चाचे बंधन तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटी किंवा अधिक, तिने १ कोटी किंवा अधिकचे प्रकल्प पूर्ण होऊन वर्ष उलटल्यावर स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचे. गावातले एकटे यंत्र काही लाखांचे, म्हणजे ते चालते का हे विचारायची कायद्याला गरज नाही. मोजणीचा खर्च मात्र समाजकार्यातच धरता येतो: एकूण खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांतले जे जास्त असेल ते. ५० लाखांत किती गावांचे फिल्टर बदलून निघतील, हे गणित मी शाळेतल्या पोरांवर सोपवतो.

हे झाले दोन टक्क्यांचे. उरलेल्या अठ्ठ्याण्णवाचे काय? त्यासाठी सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदारीचा वेगळा अहवाल सक्तीचा केला. छोट्या उत्पादकांकडून थेट किती टक्के माल घेतला, असा प्रश्न त्यात वाचून मला भरून आले. भाव काय दिला, कडता किती कापला, हे विचारायचे बहुधा वेळेअभावी राहिले. आणि आमच्या जिनिंगवाल्यांना, डाळ मिलवाल्यांना तर एवढेही कोणी विचारत नाही. ते बिचारे दरवर्षी पाणपोईवर नाव रंगवून मोकळे होतात.

शेंडगावचे गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे अन् रात्री कीर्तन करायचे. हल्ली कीर्तन आधी उरकतात, झाडू फोटोपुरता येतो.

परवा म्हणे अशाच एका गावात टॅब घेऊन पोरगा आला. 'आजी, यंत्रावर किती समाधानी? एक ते पाच सांगा.'

'पाच म्हंजे लय चांगलं का लय बेकार?'

'लय चांगलं.'

'मंग पाच लिव बाप्पा, तू उन्हातान्हाचा एवढ्या दुरून आला. पन जाता जाता त्या पल्याडच्या गावात सांगजो, त्यायचं यंत्र चालू असन तं दोन गुंड पानी आमाले देजा म्हना.'