लखपतींची वस्ती

मीरा रोडला सकाळी फिरायला निघणाऱ्या पुष्कळ माणसांची तर्जनी पिशवीबाहेर असते. सृष्टी संकुलातल्या इस्कॉनच्या राधा-गिरिधारी मंदिराच्या आसपास, शांतीनगरच्या सेक्टरांमधून, भक्तिवेदान्त हॉस्पिटलच्या फाटकाशी ही माणसं हमखास भेटतात. उजवा हात कापडी गोमुखीत गेलेला, गोमुखीचा पट्टा गळ्यात, आणि पिशवीला मुद्दाम ठेवलेल्या भोकातून पहिलं बोट एकटंच जगाकडे बघत असलेलं. आत अंगठा आणि मधलं बोट मिळून १०८ मण्यांची तुळशीची माळ ओढत असतात. तर्जनीला मात्र माळेला शिवायची मुभा नाही. दुसऱ्याकडे रोखायचं बोट ते, अहंकाराचं. तेव्हा देवाच्या कामात त्याचं काही नको, असा जुना दंडक आहे.

झालंय असं, की बाहेर ठेवल्यामुळे सगळा प्रपंच त्या एकट्याच्या गळ्यात पडला आहे. लिफ्टचं बटण तेच दाबतं. रिक्षा तेच थांबवतं. भाजीवालीच्या ढिगाऱ्यातलं नेमकं वांगं तेच दाखवतं, आणि फाटकासमोर आडवी लावलेली स्कूटर कोणाची, असा जाब वॉचमनला विचारताना तेच हवेत थरथरतं. मला या बोटाविषयी फार माया वाटते. घरोघरी असं एखादं माणूस असतंच, ज्याला आरतीला उभं राहायला कधी मिळत नाही, कारण नैवेद्याच्या कढईखालचा गॅस त्याच्या ताब्यात असतो.

तसं पाहिलं तर वैराग्याचा पहिला धडा या गावाने फार पूर्वीच गिरवला आहे. मीरा-भाईंदर ही बरीचशी सोडून आलेल्यांची वस्ती. कोणी गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडली, कोणी लालबागची चाळ, कोणी दादरला भावाच्या नावावर झालेलं घर. मिठागरं आणि खाडी यांच्या मधल्या जमिनीवर इमारती उठत गेल्या, २००२ मध्ये महानगरपालिकाही झाली, आणि सोडून आलेली माणसं दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरातलाच संडास यांत सुखाने राहू लागली. पण सोडणं म्हणजे सुटणं नव्हे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना इथे येऊन एक पिढी उलटली, तरी चष्म्याचा नंबर काढायला त्या अजून गिरगावातच जातात. इथल्या डॉक्टरांना डोळ्यातलं कळतं, त्या म्हणतात, पण माणसातलं कळत नाही.

काकूंची माळ सुरू झाली ती काका गेल्यावर. त्याआधी देवाशी त्यांचा संबंध चतुर्थीपुरता. काका गेले आणि त्यांना दुःख व्हायच्या ऐवजी राग येऊ लागला. पाण्याच्या टँकरवाल्याचा राग, सोसायटीच्या सेक्रेटरीचा राग, टोरांटोहून रविवारीच फोन करणाऱ्या मुलाचा राग, आणि सगळ्यात जास्त, न सांगता निघून गेलेल्या काकांचा. मग कोणीतरी त्यांना मंदिरात नेलं, आणि त्या गोमुखी घेऊन परतल्या. रोजच्या सोळा माळा. माळ चालू असताना बोलायचं नाही, असा त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला, आणि त्यातून आमच्या इमारतीत एक नवी भाषा जन्माला आली. तिच्यात एकच अक्षर आहे : हुं. वर चढणारं हुं म्हणजे दूध उतू चाललंय. लांबवलेलं हुं म्हणजे इस्त्रीवाल्याला उद्या यायला सांग. दोन तुटक हुं आले की समजावं, तुमचं म्हणणं साफ चूक आहे, पण तूर्तास देवाचं नाव चालू आहे म्हणून वाचलात.

या सोळाच्या आकड्यामागे एक घासाघीस आहे, आणि ती मला मनापासून आवडते. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद १९६५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, कोलकात्याहून ‘जलदूत’ नावाच्या मालवाहू बोटीने अमेरिकेला गेले आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी इस्कॉन स्थापन केली. तिथल्या केस वाढवलेल्या पोरांना त्यांनी आपल्या परंपरेतला आकडा सांगितला : रोज चौसष्ट माळा. पोरांचे चेहरे पडले. मग बत्तीस म्हणाले. तेही जमेना. शेवटी सोळावर सौदा पटला. भाईंदरच्या बाजारात चादरींचा भाव ठरताना ऐकावा, तर तो याच पायऱ्यांनी उतरतो. भवसागर तरून जायचा आकडासुद्धा गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरावा, यात मला देवाचा मोठा समजूतदारपणा दिसतो.

चौसष्टलाही हिशेब आहेच. ‘हरे कृष्ण’च्या एका मंत्रात सोळा नावं, एका माळेत १०८ मंत्र. म्हणजे चौसष्ट माळांत १,१०,५९२ नावं, रोज लाखाच्या वर. या परंपरेचे मूळपुरुष चैतन्य महाप्रभू. त्यांची गोष्ट सांगतात, की भिक्षेला बोलावणाऱ्या ब्राह्मणांना ते म्हणत, मी फक्त लखपतीच्या घरी जेवतो. बिचारे ब्राह्मण म्हणाले, लाख कसले, आमच्याकडे हजारही नाहीत. तेव्हा महाप्रभूंनी उलगडून सांगितलं, की रोज लाख नावं घेतो तो माझा लखपती. पैशाचा मोह सोडायला निघालेल्यांना परमार्थातही आकडा लागतोच, फक्त खातं बदलतं. आपल्याकडे तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली ती आपल्या वाट्याची. धाकट्या कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली. जगाचा हिशेब बुडवायच्या क्षणीसुद्धा वाटणी चोख केली, हे वाण्याच्या घरातलं वैराग्य. काकूंचं म्हणणं असं, की माळेतले शंभर मणी जपाचे आणि वरचे आठ चूकभूल द्यावी घ्यावी म्हणून. त्यांच्या गोमुखीच्या दोऱ्यात साक्षीमणी ओवलेले आहेत. एक माळ झाली की एक मणी खाली. लाइटबिल तपासताना त्यांच्या कपाळावर जी आठी येते, तीच दुपारी साक्षीमणी मोजतानाही येते.

पण चैतन्यांची मला खरी आवडती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती घडली आपल्या पंढरपुरात. कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्य चरितामृता’त ती आहे. चैतन्यांनी १५१० मध्ये, ऐन चोविशीत संन्यास घेतला आणि लगेच दक्षिणेच्या वाटेला लागले. निघताना कारण सांगितलं, ते थोरल्या भावाचा शोध. हा भाऊ विश्वरूप, लग्नाची बोलणी सुरू होताच घर सोडून संन्यासी झालेला. म्हणजे एक भाऊ घर सोडून गेला, दुसऱ्यानेही सोडलं, आणि सगळं सोडलेला हा दुसरा सगळं सोडलेल्या पहिल्याला गावोगाव शोधत निघाला. फिरत फिरत ते भीमेकाठी आले, विठ्ठलापुढे नाचले, आणि तिथे त्यांना श्रीरंगपुरी नावाचे वडीलधारे संन्यासी भेटले. दोघांच्या पाच-सात दिवस कृष्णकथा रंगल्या. मग पुरींनी विचारलं, तुझं जन्मगाव कोणतं? नवद्वीप, हे उत्तर ऐकल्यावर त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, मी गेलोय तिथे. जगन्नाथ मिश्रांच्या घरी जेवलोय. त्या माउलीच्या हातच्या केळफुलाच्या भाजीसारखी भाजी पुन्हा खाल्ली नाही. त्यांचा एक मुलगा लहानपणीच संन्यासी झाला होता. याच पंढरपुरात त्याने देह ठेवला. चैतन्य म्हणाले, पूर्वाश्रमी तो माझा भाऊ, आणि जगन्नाथ मिश्र माझे वडील.

कथेकरी इथे भक्तिरसावर बोलतात. माझं मन केळफुलाशी अडतं. जिभेवर ताबा मिळवलेला एक संन्यासी, आणि त्याच्या जिभेवर वर्षानुवर्षं एक भाजी तशीच. समोर दुसरा संन्यासी, ज्याला आईच्या स्वयंपाकाची बातमी आणि भावाच्या मरणाची बातमी एकाच श्वासात मिळते. या दोघांपैकी कोणीही स्वतःला सावरून, ही सगळी माया आहे, असं म्हटल्याचं मला त्या प्रसंगात दिसत नाही.

वसईकडच्या भाजीवाल्या सकाळच्या गाडीने स्टेशनाबाहेर येऊन बसतात, त्यांच्याकडे कधीकधी केळफूल असतं. परवा ते दिसलं तेव्हा मी घेतलं आणि काकूंकडे गेले, कारण केळफूल निवडणं एकट्या माणसाचं काम नाही. जांभळं पान उचलायचं, खालची फण्यांसारखी फुलं खुडायची, आणि प्रत्येक फुलातून दोन गोष्टी काढायच्या : डोक्याला गाठ असलेला एक ताठ केसर आणि बुडाशी चिकटलेली एक पारदर्शक पाकळी. हाताला तेल लावलं नाही तर बोटं काळी होतात. पान उचलावं, तर आत आणखी फुलं, आधीपेक्षा लहान. काकूंनी गोमुखी खुंटीला लावली आणि परात पुढे ओढली.

मी त्यांना पंढरपूरची गोष्ट सांगितली. त्या ऐकत होत्या आणि केसर उपटत होत्या. भावाच्या बातमीपाशी हात थांबले.

“मग ते रडले का गं?” त्यांनी विचारलं.

“ग्रंथात तसं लिहिलेलं नाही, काकू.”

“लिहिणारा पुरुष असेल,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं फूल उचललं. मग बराच वेळ काकांविषयी बोलत राहिल्या. त्यांना केळफूल अजिबात आवडत नसे. तुरट लागतं म्हणत, आणि तरी ताट चाटून पुसून ठेवत, कारण निवडायला अख्खी दुपार गेलेली त्यांनी पाहिलेली असे. हे सांगताना काकूंच्या आवाजात राग होता, पण पहिल्यासारखा नव्हता. आता त्याची कोणी समजूत घातली असती तरी चाललं असतं.

इतक्यात टोरांटोहून फोन आला, रविवार नसताना. नातीला झोप येत नव्हती आणि तिला आजीचा चेहरा बघायचा होता. तेलकट हाताने काकूंनी फोन धरला, केळफुलाचं एक एक पान तिला दाखवलं, आत काय आहे ते ओळखायला लावलं. पलीकडे तिथली मध्यरात्र उलटून गेली असावी. पोरगी झोपली तेव्हा काकूंनी हात धुतले, खुंटीवरची गोमुखी काढली आणि आत बोटं घालून घटकाभर स्वस्थ उभ्या राहिल्या.

“कितव्या मण्यावर होते कोण जाणे,” त्या म्हणाल्या.

“मग आता?”

“आता काय, ही माळ पहिल्यापासून. म्हणजे आज नावं जास्त झाली.” त्यांनी कपाळाला आठी घालून जरा हिशेब केला. “असू देत. ती यांच्या नावावर टाकते. आयुष्यात एक माळ ओढली नाही त्या माणसाने. तू फोडणीला मोहरी काढ, जिरं नको. हुं?”